भिंत बुजवण्याआधी: तालुक्याच्या गावातलं उद्याचं घर

दर्यापूर, मूर्तिजापूर, वरुड, वणी, उमरेड अशा विदर्भातल्या गावांतही आता तीन-चार मजली अपार्टमेंट उभ्या आहेत. तिथल्या बऱ्याच कुटुंबांचा एक पाय गावात असतो आणि एक तालुक्यात. शेती तिकडे, पोरांची शाळा-शिकवणी इकडे. फ्लॅटचा ताबा मिळाला की मोबाइलमधला एक फोटो सुताराला दाखवला जातो. चकचकीत पांढरा हॉल, छतात निळ्या लाइटच्या रेषा, फरशीपासून छतापर्यंत काच, बिनहँडलची कपाटं. “आपल्याले असंच फ्युचरिस्टिक पाह्यजे.”

फोटोतलं घर दिसायला चांगलं असतं. पण ते ज्या हवेत उभं आहे तिथे आपल्यासारखा मे महिना नसतो, लाईन जात नाही आणि तुरीची पोती कुठे ठेवायची हा प्रश्नही कोणाला पडत नाही. तोच फोटो इथल्या भिंतींवर चिकटवला की दोन उन्हाळ्यांत त्याचे पापुद्रे निघतात.

मग विदर्भातल्या साध्या कुटुंबाने उद्याच्या काळाचं घर करायचंच नाही का? जरूर करावं. त्यासाठी एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसायला हवी. घरातल्या सगळ्या वस्तूंचं आयुष्य सारखं नसतं. भिंतीतले पाइप आणि वायर पंचवीस-तीस वर्षं हलत नाहीत. कपाटं, ओटा, दारं दहा-पंधरा वर्षं जातात. स्मार्ट लॉक, सेन्सर, राउटर, टीव्ही चार-सहा वर्षांत जुने होतात. आपण नेमकं उलटं करतो. पैसा गॅजेटवर आणि चकाकीवर जातो, भिंतीतलं काम ठेकेदार जे टाकेल ते. खरं तर भिंतीत सढळ हाताने खर्च करावा, आणि जे लवकर जुनं होणार ते भिंत न फोडता काढता येईल असं बसवावं.

आधी ऊन

अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर इथला पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर गेला तर आता कोणी दचकत नाही. म्हणून आपल्याकडे घराचं डिझाइन उन्हापासून सुरू होतं, रंगापासून नाही.

फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल तर उष्णता मुख्यतः स्लॅबमधून येते. काँक्रीट दिवसभर तापत राहतं आणि ती उष्णता खालच्या बाजूला पोचायला काही तास लागतात. त्यामुळे रात्री दहाला बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत छत अजून आग ओकत असतं. लोक यावर फॉल्स सीलिंग करतात. त्याने थोडा फरक पडतो, पण स्लॅब तापायचा तो तापतोच. खरा उपाय गच्चीवर आहे: पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक, नाहीतर ऊन परतवणारा पांढरा कोट. ऊन वरच्या वर परत गेलं की स्लॅब मुळात तेवढा तापत नाही. गच्ची सगळ्यांची असल्याने सोसायटीची परवानगी लागते, आणि आमच्या अनुभवात रंगाच्या खर्चापेक्षा ती मिळवणंच जड जातं.

दुसरी वाट पश्चिमेच्या खिडकीची. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला साधारण ५०० ते ६०० वॉट ऊन पडतं. चार बाय पाच फुटांची खिडकी म्हणजे जवळपास दोन चौरस मीटर. साधी काच त्यातलं बहुतेक ऊन आत सोडते. म्हणजे भर उन्हाळ्यात हॉलमध्ये एक हीटर लावून ठेवल्यासारखं झालं. आता फोटोतल्या त्या फरशी-ते-छत काचेचा हिशेब तुम्हीच करा.

आतून जाड पडदा लावून भागत नाही. ऊन काचेतून आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडवावं लागतं. छज्जा, बाहेरून सोडलेली बांबूची चीक, नाहीतर संत्र्याच्या नर्सरीवर ताणतात ती शेडनेट एका लोखंडी चौकटीत बसवून. शेवटचा उपाय दिसायला साधा आहे, पण चौकट नीट केली, सरकती केली तर कुठल्याही मासिकातल्या घराला शोभेल. सेवाग्रामची बापू कुटी पाहिलीत का? १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, त्या काळातली ती माती, बांबू आणि कवेलूंची वास्तू. तिचं छप्पर भिंतीच्या पुढे खाली उतरतं, त्यामुळे ऊन भिंतीला भिडतच नाही. उद्याचं घर काढायला बसलेल्या प्रत्येकाने एकदा भर उन्हात तिथे जाऊन बसावं असं माझं मत आहे.

कूलर की एसी? दोन्ही

इंटेरिअरवाले कूलरला घरात जागाच ठेवत नाहीत, कारण तो फोटोत वाईट दिसतो. पण कूलरमागचं विज्ञान आपल्या हवेला चपखल आहे. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता हवेतून काढून घेतं. बाहेर ४४ अंश आणि हवेत आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या ताट्यांमधून आलेली हवा २७-२८ अंशांपर्यंत उतरते. त्याला खर्च दीड-दोनशे वॉटचा, म्हणजे कूलर इन्व्हर्टरवरही चालतो. एसी साध्या घरगुती इन्व्हर्टरवर चालत नाही. जुलैत मात्र आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की कूलर फक्त ओलावा फेकतो. तेव्हा एसीच हवा.

गंमत अशी की दोघांच्या गरजा एकमेकांच्या विरुद्ध. कूलरची हवा आत आली तेवढी बाहेर जायला वाट हवी, नाहीतर खोली चिकट होते. एसीला तीच वाट घट्ट बंद लागते. म्हणून हॉलमध्ये कूलरची खिडकी, तिच्या समोरच्या भिंतीत वर झाकण असलेला झरोका, आणि एसी एखाद्या बेडरूममध्ये, जिचं दार-खिडकी फटी न ठेवता बंद होते. कूलरच्या खिडकीखाली बाहेरून लोखंडी स्टँड, बॉल कॉकसाठी (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा) अर्धा इंची नळ, टाकी रिकामी करायला खाली निचरा आणि शेजारी स्विच. एवढं भिंती उघड्या असताना केलं की दर मार्चमध्ये बादल्या घेऊन धावपळ नाही.

एसीचंही तसंच. तांब्याचा पाइप आणि पाणी काढणारा पाइप भिंत उघडी असतानाच टाका. निचऱ्याच्या पाइपाला उतार नसेल तर नव्या पॉलिश केलेल्या भिंतीवर पाण्याचे ओघळ येतात. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात टांगू नका. २०२० पासून देशात विकले जाणारे रूम एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवर लागतात. आपल्याकडे २६ आणि वर पंखा यात झोप छान लागते आणि बिलही हलकं राहतं.

ओलाव्याचा विषय निघालाच आहे तर लाकडाबद्दल. तीन महिने कूलर आणि पुढचे तीन महिने पाऊस. या हवेत साध्या एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या कडा फुगतात, पातळ लॅमिनेट सुटतं. ओट्याखाली आणि बाथरूमजवळ आयएस ७१० शिक्का असलेलं मरीन प्लायच घ्या, कोरड्या खोल्यांत आयएस ३०३ चालतं. शिक्का फळीवर छापलेला असतो, बिलावर नाही. फळी घरी आली की बघायची. जमिनीलगत उधईची फवारणी आधी. चकचकीत ॲक्रिलिकवर पोरांची बोटं आणि जिनिंग-रस्त्यांची धूळ सकाळी पुसली तरी संध्याकाळी परत दिसते, म्हणून मॅट फिनिश. आणि जवळच गडचिरोली-चंद्रपूरचा सागवान नि बांबू असताना सगळं घर प्लास्टिकच्या कातडीने मढवायची गरज काय, हेही एकदा विचारा. निदान जेवणाचं टेबल तरी अस्सल असू द्या.

भिंतीतलं काम

आता खरी खर्चाची जागा. घर स्मार्ट करायचं म्हणजे स्विचला मोबाइलचं ऐकायला शिकवायचं. मोबाइलचं ऐकायला तो स्विच कायम जागा राहावा लागतो, आणि जागं राहायला त्याला थोडी वीज सतत लागते. साध्या स्विचच्या डब्यात फक्त फेज (करंट आणणारी वायर) येते आणि पंख्याकडे जाते, न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) बऱ्याचदा येतच नाही. म्हणून इलेक्ट्रिशियनला पहिलं वाक्य हे सांगा: “प्रत्येक बोर्डात न्यूट्रल पाहिजे, आणि डबे खोल पाहिजेत.” स्मार्ट मॉड्यूल स्विचच्या मागे बसतं, उथळ डब्यात ते मावत नाही. आज साधे स्विच लावा, चार वर्षांनी मॉड्यूल टाका. भिंतीला हात लागणार नाही.

वायरचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. लाइट-पंख्याला १.५ चौरस मिलिमीटर, सॉकेटला २.५, एसी-गिझर-इंडक्शनला ४, आणि या प्रत्येकाला मीटरच्या पेटीपासून वेगळी लाइन. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी घ्याच. माणसाला शॉक बसतोय हे कळताच ती क्षणात वीज तोडते. पण अर्थिंग खोटं असेल तर घरातलं कुठलंच महागडं यंत्र सुरक्षित नाही. तिसऱ्या पिनला वायर जोडलीय का हे टेस्टरने नाही, नीट मोजून बघायला सांगा. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज खालीवर होतं आणि पहिल्या पावसाळी वादळात वीज कोसळते, म्हणून पेटीत व्होल्टेजचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर आणि एसीला स्टॅबिलायझर.

आणि रिकामे पाइप टाका. प्रत्येक खोलीतून टीव्हीच्या भिंतीपर्यंत एक, गच्चीपर्यंत एक, मीटरपासून पार्किंगपर्यंत एक, आत ओढायला तार सोडून. गच्चीचा सोलरसाठी, पार्किंगचा इलेक्ट्रिक स्कूटरसाठी. आज त्यातून काही जाणार नाही. उद्या काय जाणार हे आज कोणालाच सांगता येत नाही, म्हणूनच तो रिकामा हवा. प्लास्टर व्हायच्या आदल्या दिवशी मोजपट्टी भिंतीला लावून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना, पाइप शोधताना त्या फोटोइतकं कामाचं काही नसतं.

लाइट

छतातल्या रंगीत रेषांना माझा विरोध नाही, पण सणावारापुरत्या. रोजच्या घरात लाइटचा रंग कामानुसार बदलला तर घर खऱ्या अर्थाने पुढचं वाटतं. खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, संध्याकाळचा. ६५०० म्हणजे पांढरा-निळसर, दवाखान्यासारखा. अभ्यासाच्या टेबलावर ४०००, बेडरूममध्ये ३०००. शेजारी सीआरआय नावाचा दुसरा आकडा असतो. तो ९० च्या वर असेल तर टोमॅटो लाल दिसतो आणि साडीचा रंग दुकानात पाहिला तसाच घरी दिसतो.

एलईडीची पट्टी सहसा जळत नाही, तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर जातो. त्यातला कपॅसिटर उष्णतेला नाजूक असतो. ढोबळ नियम असा की दर १० अंश वाढले की त्याचं आयुष्य निम्मं होतं. आणि आपण तो नेमका तापलेल्या स्लॅबच्या आणि फॉल्स सीलिंगच्या मधे कोंबतो! ड्रायव्हर कपाटाच्या वर, हात पोचेल अशा झाकणामागे ठेवा.

हुशार वस्तू आणि आजीचा प्रश्न

स्मार्ट लॉकचं बोलणं सुरू झालं की घरातली आजी हमखास विचारते, “अन् लाईन गेली तं दार कसं उघडन रे बापू?” प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तर असं की डिजिटल लॉक घरच्या विजेवर नसतं, ते साध्या सेलवर चालतं. सेल संपले तर बाहेरून बॅटरी किंवा पॉवर बँक टेकवायची सोय असते, आणि चावी तर हवीच. बिनचावीचं लॉक घेऊ नका. पण दुसरी अडचण आजीला माहीत आहे, विक्रेत्याला नाही. ज्यांचं आयुष्य निंदण-वेचणीत गेलं त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. रेशनच्या मशीनवर ज्यांचा अंगठा लागत नाही, त्यांचा दारावरही लागणार नाही. त्यांच्यासाठी पिन किंवा कार्ड ठेवा.

चाहूल लागली की लाइट लावणारे सेन्सर जिन्यात, बाथरूमच्या वाटेवर फार उपयोगी, म्हाताऱ्या माणसांना तर जास्तच. पण स्वस्तातले सेन्सर अंगाची उष्णता ओळखतात. भोवतालपेक्षा माणूस गरम असतो, तो हलला की फरक जाणवतो आणि लाइट लागतो. मे महिन्यात भिंतच ३७-३८ अंशांवर गेली की हा फरक उरत नाही आणि सेन्सर आंधळा होतो. आपल्याकडे रडारवर चालणारा सेन्सर घ्यावा. तो थोडा महाग पडतो, पण तो तापमान बघत नाही, हालचाल बघतो.

गॅस गळतीचा सेन्सरही असाच विचारपूर्वक. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली बसतो. सेन्सर जमिनीपासून फूटभर उंचीवर लावायचा. छताजवळ लावलेला सेन्सर शोभेचा.

या सगळ्या वस्तू आपसात बोलतात वाय-फायवर किंवा झिगबी, थ्रेड अशा कमी विजेच्या जाळ्यांवर. २०२२ मध्ये ‘मॅटर’ नावाचं समान मानक आलं, म्हणजे एका कंपनीचा स्विच दुसऱ्या कंपनीच्या ॲपचं ऐकू शकतो. खरेदी करताना खोक्यावर ते नाव शोधा. आणि दुकानदाराला विचारा: इंटरनेट बंद पडलं तर हे चालेल का? फायबर तुटली म्हणून बेडरूमचा पंखा लागत नाही असं व्हायला नको. प्रत्येक गोष्ट हाताने चालू-बंद करता आलीच पाहिजे.

लाईन गेल्यावर

जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी म्हणजे बिनब्रशच्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. चार पंखे, दहा लाइट आणि राउटर धरला तर पहिल्यात ३९० वॉट होतात, दुसऱ्यात २१०. नेहमीची १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी पहिल्या घराला सुमारे तीन तास पुरते, दुसऱ्याला साडेपाच. म्हणजे नवी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलणं स्वस्त. बॅटरी मात्र बंद तापलेल्या कपाटात कोंडू नका.

सोलरबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे. छतावर पॅनेल आहेत म्हणजे लाईन गेली तरी घर चालेल असं लोक धरून चालतात. साधं ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेलं सोलर लाईन गेली की स्वतःहून बंद होतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला त्याचा शॉक बसला असता. अंधारातही चालायला हवं असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतःचं छत असलेल्या घराला ३ किलोवॉट आणि पुढे ७८,००० रुपयांपर्यंत केंद्राचं अनुदान आहे. अपार्टमेंटच्या सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्याच्या लाइटसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात. पंपाचं बिल गेलं तरी मेंटेनन्स खाली येतो.

पाणी आणि पोती

अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी वापरणार असाल तर हात पुढे केला की सुरू होणारे नळ विसरा. आतल्या बारीक व्हॉल्व्हमध्ये क्षार साचतात आणि नळ एक तर सुरू होत नाही किंवा बंद होत नाही. शॉवरच्या काचेवर महिन्याभरात पांढरे डाग. साधे, चांगल्या पितळेचे नळ आणि हाताने उघडून साफ करता येणारी जाळी हेच टिकतं.

शेवटी माणसं आणि धान्य. वर्षाचे गहू, तूर, घरची दाळ, लोणच्याच्या बरण्या, कुरड्या-पापड. फ्लॅटमध्ये या सगळ्यांसाठी एक कोरडी, अंधारी, हवेशीर जागा आराखड्यातच हवी. बेडरूमच्या पलंगाखाली खोल कप्पे, पोत्यांखाली जमिनीपासून चार इंच वर लाकडी फळ्या, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर. हॉलमधलं फर्निचर चाकांवर असू द्या, कारण महालक्ष्म्यांच्या जेवणाला पंगत तिथेच बसणार आहे आणि ज्या कोपऱ्यात महालक्ष्म्या बसतात तिथे एक जास्तीचा पॉइंट लागणारच. गावाहून दवाखान्यासाठी आलेला काका रात्री तिथेच झोपणार आहे, त्याच्या उशाला चार्जिंग आणि मंद लाइट हवा.

पैसे कमी पडले तर टीव्हीमागची नक्षीदार भिंत, फॉल्स सीलिंग आणि स्मार्ट लॉक पुढच्या दिवाळीला करा. न्यूट्रल, अर्थिंग, रिकामे पाइप, एसीचा तांब्याचा पाइप आणि कूलरचा नळ मात्र याच महिन्यात, गवंडी घरात आहे तोवर उरका.